वाइनला दारू म्हणायला काय हरकत आहे?

२७ जानेवारी २०२२ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. किमान १०० चौरस मीटर जागा असलेल्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायची. मग काही आठवडे टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. सत्तेतले सांगत होते की वाइन म्हणजे दारू नव्हे, हा शेतकऱ्यांच्या भल्याचा निर्णय आहे. विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ असा शब्द काढला. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे त्याच वर्षी सरकार बदललं, निर्णय अमलात आला नाही आणि भांडण मागे पडलं. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य मात्र राहिलं. आजही नाशिकला जाऊन आलेला कुणीही ते सहज बोलून जातो.

मुसलमान बाईला वाइनबद्दल काय विचारायचं, तिचं उत्तर ठरलेलंच असणार, असं स्टाफरूममध्ये बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या ग्लासापुरतं ते ठरलेलं आहेच. पण शेजाऱ्याच्या ग्लासात काय असावं हे ठरवायचा मला अधिकार नाही आणि हौसही नाही. नाशिकच्या वाइनरी बंद करा असंही मी म्हणत नाही. माझा मुद्दा लहान आहे. मी भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी. एखाद्या वस्तूला तिच्या नावाने हाक मारायचं टाळलं जातं, तेव्हा त्या टाळण्यातून कुणाचा तरी फायदा होत असतो आणि कुणाचं तरी नुकसान लपत असतं. वाइन पर्यटनाच्या बाबतीत हेच चाललं आहे.

आधी शब्दाकडेच बघू. ‘दारू’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ औषध. ‘दवा-दारू’ या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. मराठीत तोच शब्द बंदुकीच्या दारूलाही लागला. आमच्या देहूरोडला लष्कराचा दारूगोळा असतो, त्यामुळे इथल्या मुलांना ‘दारू’चे दोन अर्थ फार लवकर कळतात. ‘शराब’ची गोष्टही तशीच. अरबीत शराब म्हणजे नुसतं पेय. आपला ‘शरबत’ त्याच धातूतून आला. अरबीत ज्याला खरोखर मद्य म्हणतात तो शब्द आहे ‘खम्र’, आणि त्याच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे. अक्कल झाकते ती खम्र, अशी हजरत उमर यांनी केलेली व्याख्या सांगितली जाते. म्हणजे माणसाने या वस्तूला कधी औषध म्हटलं, कधी पेय म्हटलं. सरळ नाव घ्यायला तो पहिल्यापासूनच कचरत आला आहे. एका हदीसचा अर्थ असा आहे की माझ्या उम्मतमधले काही लोक मद्य पितील आणि त्याला वेगळंच नाव देतील. हे मुसलमानांना उद्देशून सांगितलेलं आहे हे खरं, पण महाराष्ट्रालाही चपखल बसतं.

कारण इथे तर गंमतच आहे. आपल्या शहरांत ज्या दुकानांवर मोठ्या अक्षरांत ‘वाइन्स’ लिहिलेलं असतं, त्यांत वाइनच्या बाटल्या एका कोपऱ्यात असतात आणि बाकी सगळी रम, व्हिस्की. म्हणजे रमला सभ्य नाव हवं होतं तेव्हा आपण तिला ‘वाइन’ म्हटलं, आणि वाइनला सभ्य नाव हवं झालं तेव्हा म्हटलं की ती दारूच नाही.

कायदा मात्र अजिबात गोंधळलेला नाही. आपल्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या करतो, आणि त्या व्याख्येत स्पिरिट, बिअर, ताडी यांच्या बरोबरीने वाइनचं नाव आहे. टीव्हीवरच्या जाहिरातींसाठी १९९४ चे केबल टीव्हीचे नियम आहेत. त्यांत तंबाखू आणि मद्याच्या जाहिरातींना मनाई करताना वाइनचा वेगळा उल्लेख केला आहे. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, बिअरपेक्षा दुपटीच्या आसपास. त्यामुळे वाइन दारू आहे की नाही हा मताचा प्रश्न राहत नाही. ती दारू आहे. काही दारू कायदेशीर असते, काही चवदार असते, काही महाग असते. वाइन बहुधा तिन्ही असते.

आता शेतकऱ्याचा मुद्दा. देहूरोडहून तळेगाव-चाकणमार्गे नाशिक रस्त्याला लागलं की राजगुरुनगर, मंचर मागे टाकून नारायणगाव येतं. आज तिथे लोक टोमॅटोचा बाजार आणि तमाशाच्या राहुट्या सांगतात, पण भारतातल्या आधुनिक वाइनची सुरुवात ज्या ठिकाणांहून झाली त्यांत नारायणगावचं नाव फार वर आहे. श्याम चौगुले यांनी १९८० च्या दशकात तिथे ‘शॅटो इंडाज’ उभी केली. फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने शॅम्पेनच्या धर्तीवर फेसाळती वाइन काढली. परदेशी बाजारात ती ज्या नावाने गेली ते ऐकून उर्दूची शिक्षिका म्हणून मला हसू येतं आणि वाईटही वाटतं. नाव होतं ‘ओमर खय्याम’.

निशापूरचा उमर खय्याम हा गणिती. त्याने घन समीकरणांवर काम केलं. ज्या पंडितांनी अकराव्या शतकात जलाली कालगणना बसवली त्यांच्यात तो होता. त्याच्या नावावरच्या रुबायांत प्याला आहे, साकी आहे, आणि त्यातलं किती शब्दशः घ्यायचं यावर आजही वाद आहे. मराठीला तो माहीत झाला मुख्यतः माधव जूलियनांमुळे. फारसी शिकलेल्या आणि फारसी-मराठी कोश रचलेल्या या कवीने खय्याम मराठीत आणला, आणि त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘द्राक्षकन्या’ आहे. फारसी-उर्दूत मद्याला ‘दुख्तर-ए-रज’ म्हणतात, म्हणजे द्राक्षवेलीची मुलगी. तेच हे.

वर्गात गझल शिकवताना मुलं विचारतात, टीचर, साकी म्हणजे बारमधला वेटर का? मग मी त्यांना रियाज खैराबादींबद्दल सांगते. उर्दूत मद्यावरच्या शायरीचं, ज्याला ‘खमरियात’ म्हणतात तिचं, हे सर्वांत मोठं नाव, आणि या माणसाने आयुष्यात मद्याला हात लावला नाही असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. शायरीतला मैखाना ही एक जागा आहे, जिथे ढोंगी शेखला उत्तर देता येतं. नारायणगावच्या कारखान्यात मात्र रूपक बाटलीत भरलं गेलं, बाटलीला लेबल लागलं, आणि शेवटी हिशेब रूपकात झाला नाही, रुपयांत झाला. २००९ च्या सुमारास इंडाज बुडाली. शेतकऱ्यांचे आणि कामगारांचे पैसे थकले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि कंपनी अवसायनात निघाली.

त्याच काळात नाशिकमध्येही तेच झालं. २००१ मध्ये राज्याने वाइनसाठी धोरण आणलं. त्याचं नाव होतं ‘द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण’. नावात वाइन कुठेही नाही, हे लक्षात घ्या. उत्पादन शुल्क माफ झालं, नाशिकजवळ विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क उभे राहिले. शेतकऱ्यांना वाइनच्या जातींची लागवड करायला सांगितलं गेलं. मग २००८ ची मंदी आली, मुंबईचा हल्ला झाला, हॉटेलं रिकामी पडली. वाइनरींनी माल उचलला नाही आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी वेली उपटून टाकल्या. खायची द्राक्षं निदान बाजारात नेऊन मिळेल त्या भावाला देता येतात. शिराझ किंवा कॅबर्ने लहान दाण्याचं, बियांचं आणि जाड सालीचं असतं. ते हातगाडीवर कोण घेणार? वाइनरीने नाही म्हटलं की तो माल कुणाचाच नाही.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातली बहुतेक द्राक्षं खायला आणि निर्यातीला जातात. त्यानंतर नंबर लागतो बेदाण्याचा, सांगली-तासगाव भागात. वाइनचा हिस्सा अगदी लहान आहे, शंभरात दोन-तीन सुद्धा नाही. अवकाळीने थॉमसनचे मणी तडकले तर चांगली वाइनरी ते घेत नाही, कारण तिला वेगळी जात लागते. म्हणून ‘द्राक्ष शेतकऱ्याचं भलं’ म्हणून वाइन विकणं हे फार मोठ्या माणसाच्या नावावर फार छोटा व्यवहार करण्यासारखं आहे. ज्या शेतकऱ्यांचे करार झाले आहेत त्यांना खात्रीचा भाव मिळतो, हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण तेवढंच सांगा ना.

नाशिकचा उद्योग त्या पडझडीतून उठला तो पर्यटनामुळे. १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ सुला सुरू केली. २००५ च्या सुमारास तिथे टेस्टिंग रूम उघडली, २००८ पासून सुलाफेस्ट भरू लागला. लोक संगीत ऐकायला येऊ लागले, मग राहायला येऊ लागले. आज नाशिकला सोमा, यॉर्क आहेत, दिंडोरीत शांदों आहे, इगतपुरीकडे ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने आहेत. पुणे-सोलापूर रस्त्यावर पाटसजवळ रोटीला एक वाइनरी आहे. अकलूजच्या भागात मोहिते-पाटील कुटुंब आणि इटलीतल्या भागीदारांची फ्रातेली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या उन्हात कुणी वाइन पिकवेल असं पूर्वी कुणाला वाटलं नसतं. मराठी माणसाला अभिमान वाटावा असं यात बरंच आहे, आणि मला तो वाटतो.

पण पर्यटन इतकं का वाढलं याचं एक साधं कारण आहे. मद्याची जाहिरात करता येत नाही. बागेत फिरायला बोलावता येतं. डोंगर, धरण, सूर्यास्त, मोठी टोपी घालून काढलेला फोटो. तो फोटो पाहुणा स्वतःच्या हाताने पाचशे ओळखीच्यांना पाठवतो. जी जाहिरात कंपनीला पैसे देऊनही करता येत नाही ती लोक तिकीट काढून करून देतात. यात बेकायदा काही नाही. पण बागेतल्या त्या दिवसाला नुसतं ‘कृषी पर्यटन’ म्हणणं पुन्हा तेच, नाव बदलणं.

आम्ही दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका लग्नाला नाशिकला गेलो होतो आणि तिथून एका वाइनरीत गेलो. नाव महत्त्वाचं नाही. मी, माझे मियाँ, नणंद आणि तिची दोन कॉलेजातली मुलं. तिकिटाच्या खिडकीवर सांगितलं, आम्ही चाखणारे नाही, बघणारे आहोत. मुलीने हसून ‘काही हरकत नाही’ म्हटलं. डोक्यावर ओढणी घेतलेल्या आम्ही दोघी बघून कुणी वळूनही पाहिलं नाही. खरं सांगते, हे मला आवडलं.

फेरी चांगली होती. स्टीलच्या उंच टाक्या, थंड खोलीत ओळीने ठेवलेली ओकची पिंपं. आमच्याबरोबरच्या तरुण गाइडने समजावलं की यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. रेड वाइनला रंग येतो तो सालीतून. युरोपात द्राक्षाची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते, आपल्याकडे जानेवारी ते मार्च, कारण आपला पावसाळा मध्ये येतो. म्हणून इथे वेलीची छाटणी दोनदा करतात. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा संपला की फळछाटणी. हे त्याने फार छान सांगितलं. मी विचारलं, छाटणी कोण करतं? तो म्हणाला, “लेबर.” मग फ्रान्समधून पिंपं कशी येतात ते सांगू लागला.

हे ‘लेबर’ कोण आहे हे नाशिक जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. पेठ, सुरगाणा, कळवणकडच्या आदिवासी कुटुंबांतली माणसं हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात. छाटणी, डिपिंग, विरळणी, तोडणी ही सगळी त्यांच्या हातची कामं. यांच्याच पाड्यावर कुणी मोहाची गाळली तर तिला ‘हातभट्टी’ म्हणतात आणि पोलीस येऊन पिंप फोडतात. त्यांनीच छाटलेल्या वेलीची वाइन निघाली की तिला ‘संस्कृती’ म्हणतात आणि राज्य तिच्यावरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के उत्पादकाला परत देतं. मोहाची चांगली आणि द्राक्षाची वाईट असं मला म्हणायचं नाही. माझ्यासाठी दोन्ही हरामच आहेत. पण ज्याच्या हातात कात्री आहे त्याच्या दारूला गुन्हा म्हणायचं आणि ज्याच्या हातात ग्लास आहे त्याच्या दारूला दारूच म्हणायचं नाही, हा भेद दारूतला नाही, माणसामाणसांतला आहे.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण इथे आठवावं. केपच्या द्राक्षमळ्यांत शेकडो वर्षं मजुरांना मजुरीचा एक भाग वाइनमध्ये दिला जात असे. त्याला ‘डॉप’ पद्धत म्हणत. कायद्याने बंदी आल्यावरही ती बराच काळ चालू राहिली. त्या भागात गर्भातच मद्याचे परिणाम घेऊन जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण जगात सर्वाधिक असणाऱ्या ठिकाणांपैकी राहिलं आहे. आज त्याच केपमध्ये वाइन पर्यटन जोरात आहे आणि जागा अतिशय सुंदर आहेत. नाशिकमध्ये तसं काही आहे असं मी म्हणत नाही. पण वाइनचा देश होऊ पाहणाऱ्याने फक्त फ्रान्सकडे बघू नये, केपकडेही बघावं.

फेरी संपल्यावर बाकीच्यांसमोर चार-चार ग्लास आले. आम्ही म्हटलं, द्राक्षाचा रस द्या. तो नव्हता. कोला होता. चहूबाजूंनी द्राक्षाच्या वेली, आणि आम्ही बाटलीतला कोला पीत बसलो. भाचा म्हणाला, “मामी, ये तो नाइन्साफी है.” पुण्यात मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांनी खास रसासाठी ‘मांजरी मेडिका’ ही गडद रंगाची जात काढली आहे. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने ‘एआरआय-५१६’ ही रसाला चालणारी जात काढली. म्हणजे संशोधन घरचं आहे, द्राक्ष घरचं आहे. फक्त न पिणारा पाहुणा हाही पाहुणा आहे हे कुणाच्या ध्यानात नाही. महाराष्ट्रात न पिणारे काय फक्त मुसलमान आहेत? वारकरी आहेत, जैन आहेत, आणि कुठल्याही धर्माच्या कितीतरी बाया आहेत. देहू आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. माळ घातलेला माणूस नातवंडांना घेऊन द्राक्षाची बाग बघायला गेला तर त्याच्या हातात काय द्याल?

आता माझ्या स्वतःच्या समाजाबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हे लिहिणं अर्धवट राहील. माझा एक जुना विद्यार्थी हॉटेल मॅनेजमेंट शिकला. त्याचे अब्बा एकदा शाळा सुटल्यावर भेटायला आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, “टीचर, लडके को नाशिक में नौकरी लगरी. पगार अच्छी है. पन जगा वो… अंगूर के बागवाली है.”

अंगूर के बागवाली. तेही नाव घेत नव्हते.

नोकरी रिसॉर्टच्या खोल्यांची व्यवस्था बघायची होती, बाटल्यांना हात लावायची नव्हती. मी मुफ्ती नाही, हे त्यांना पहिल्यांदाच सांगितलं. मग मला जेवढं माहीत होतं तेवढं पुढे ठेवलं. एका हदीसमध्ये मद्याशी संबंधित दहा जणांवर लानत आहे. त्यात पिणारा आहेच, पण रस गाळणारा, वाहून नेणारा, वाढणारा, विकणारा आणि त्याचे पैसे खाणाराही आहे. ही कडक बाजू. दुसरीकडे हनफी फिकहच्या ‘हिदाया’ या ग्रंथात इमाम अबू हनीफांचं मत दिलं आहे की मद्य करणाऱ्याला द्राक्षाचा रस विकण्यात हरकत नाही, कारण रस हा अजून रस आहे, पाप पुढच्या बदलात आहे. त्यांच्याच दोन मोठ्या शागिर्दांना, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांना, ते पसंत नव्हतं. बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी द्राक्ष, रस, मद्य, मजुरी हे सगळं वेगवेगळं करून त्यावर वाद घातला. आपण एका वाक्यात फतवा देतो किंवा एका वाक्यात विषय झाकतो.

मुलाने नोकरी घेतली. तो त्याचा आणि अल्लाहचा हिशेब आहे, मी त्यात पडले नाही. मी फक्त एवढं म्हटलं होतं की जे ठरवाल ते मोहल्ल्यात उघड सांगा. अब्बा अजूनही ‘नाशिकला हॉटेलात आहे’ एवढंच सांगतात. मला त्यांचा राग येत नाही. या मोहल्ल्यांत हाताला काम मिळणं सोपं नाही, चाकणच्या कंपन्यांत सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर पोरं बदलली जातात, आणि टोमणे मारणारे मात्र कायम असतात. त्या टोमणे मारणाऱ्यांच्या घरांत कुणी पीत नाही असंही नाही. आमच्यातही पितात. त्याला ‘शौक’ म्हणतात, ‘टेन्शन’ म्हणतात, ‘जरा बाहर जाता है’ म्हणतात. त्या घरच्या बाया माझ्याकडे मुलांची फी उशिरा भरण्याची सवलत मागायला येतात आणि कारण सांगत नाहीत. नाव न घेण्याची किंमत त्याच भरतात.

म्हणूनच मला आडव्या बाटलीचं मतदान हा या राज्याचा फार शहाणा नियम वाटतो. गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ निवडली तर तिथलं दारूचं दुकान बंद होतं. तिथे कुणी विचारत नाही की बाटलीत वाइन आहे की देशी. बायांना उत्तर माहीत असतं.

माझ्या अपेक्षा चारच आहेत. पहिली, सरकारने आणि कंपन्यांनी ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे म्हणणं सोडावं. दारू म्हणूनच परवाना द्या, दारू म्हणूनच विका, आणि बिस्किटं आणि वह्या जिथे मिळतात त्या दुकानात आणू नका. बागेत येऊन जाणूनबुजून घेणाऱ्याला ती तिथे मिळतेच आहे. दुसरी, करात सवलत देताना अट घाला. कंपनीने शेतकऱ्याशी लेखी करार करावा आणि ठरलेल्या दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर परतावा थांबेल. नारायणगाव आणि २००८ नंतरचं नाशिक पुन्हा नको. तिसरी, पर्यटनात द्राक्षाला पहिला मान द्या. रस, बेदाणा, छाटणीचं प्रात्यक्षिक, मांजरीच्या शास्त्रज्ञांचं काम. शाळेची सहल येऊ शकेल असा भाग आणि टेस्टिंग रूम यांची दारं वेगळी ठेवा. मग मी स्वतः मुलांची बस घेऊन येईन. चौथी, फेरीत फ्रेंच पिंपांबद्दल पाच मिनिटं बोलता, तर पेठ-सुरगाण्याहून आलेल्या माणसांबद्दल दोन मिनिटं बोला. त्यांना ‘लेबर’ म्हणू नका. त्यांची मजुरी किती हे सांगता आलं तर अजून चांगलं.

आणि माझ्या वाचकांपैकी जे न पिणारे आहेत त्यांना एक विनंती. फेब्रुवारीत नाशिकला गेलात तर द्राक्षाच्या बागा जरूर बघा. द्राक्ष ही कुरआनमध्ये पुन्हा पुन्हा आलेली नेमत आहे, ती कुठल्या कंपनीची मालकी नाही. तिकिटाच्या खिडकीवर रस मागा. नाही म्हणाले तर पुढच्या वेळी ठेवा म्हणून सांगा. दहा जणांनी मागितला तर ठेवतील, धंदा आहे तो. आणि कुणी प्रेमाने ग्लास पुढे करून ‘घ्या हो, ही काही दारू नाही’ म्हटलं, तर हसून म्हणा, “दारूच आहे. तुम्ही खुशाल घ्या, मला नको.”